जुनं शिकाऊ विमान आडव्या वाऱ्यात गर्रकन का फिरतं?

प्रश्न विचारणारे नाशिकचेच आहेत. कमर्शियल लायसन्ससाठी तास भरतायत, आजवरचं सगळं उड्डाण सेसना १७२ वर. परदेशातल्या एका हवाई मेळाव्याचं चित्रण त्यांनी पाहिलं. टायगर मॉथ हे वर-खाली दोन पंखांचं जुनं शिकाऊ विमान अलगद टेकलं, शंभर-दीडशे मीटर सरळ धावलं आणि वेग जवळपास संपत आला असताना एकदम एका बाजूला वळलं. गिरकी घेतली, बाहेरच्या बाजूचा खालचा पंख जमिनीला घासला, चाकाचा पाय मुडपला, प्रोपेलरचे तुकडे उडाले. माणसं चालत बाहेर आली. वारा बाजूने, दहा-बारा नॉट, म्हणजे ताशी वीसेक किलोमीटर. वैमानिक हजारो तास उडालेला. त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत: एवढ्याशा वाऱ्यात हे झालं कसं, विमानाच्या घडणीतच खोट आहे का, आणि उद्या आपण टेलव्हील, म्हणजे शेपटीखाली चाक असलेलं विमान, शिकायला गेलो तर काय सांभाळायचं.

मी बरीच वर्षं फ्लाइंग क्लबमध्ये शिकवलं, त्यातला मोठा काळ पुष्पक या देशी शिकाऊ विमानावर गेला. या विषयावर दोन ओळींत उत्तर देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही, त्यामुळे जरा बसून वाचा.

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यातच दडलेली आहेत. टायगर मॉथ पहिल्यांदा उडालं १९३१ साली. त्या काळात विमान उतरवायचं ते चौफेर गवताच्या मैदानावर. मध्ये पांढरा 'टी' मांडलेला असायचा, वारा फिरला की माणसं तो टी फिरवायची आणि वैमानिक बिनबोभाट वाऱ्याला तोंड देऊन उतरायचा. वारा कुठूनही आला तरी धावपट्टी तिकडेच, कारण धावपट्टी नावाची वस्तूच नव्हती. आपल्याकडेही तेच. जे. आर. डी. टाटांनी १९३२ मध्ये टपालसेवा सुरू केली तेव्हाचं जुहू म्हणजे भरतीच्या काठची चिखलट जमीन, पावसाळ्यात तिथे इतकं पाणी व्हायचं की सेवा पुण्याला हलवावी लागायची. अशा जमिनीसाठी घडवलेल्या विमानाला ब्रेक लागत नव्हते, शेपटीला चाकही लागत नव्हतं. टायगर मॉथच्या शेपटीखाली नुसता स्किड, म्हणजे घासत जाणारी पट्टी, असतो. गवतात तो जमीन उकरत जातो, विमानाला मागून ओढून धरतो, थांबवतो आणि त्याच ओढीने सरळही ठेवतो. पुढे विमानं जड झाली, पक्क्या धावपट्ट्या आल्या, त्याही एका किंवा दोन दिशांच्या. वाऱ्याची दिशा निवडायची मुभा वैमानिकाच्या हातून गेली. स्किड डांबरावर नुसताच खरडतो, धरत काहीच नाही. त्यामुळे याला मी खोट म्हणणार नाही. ते विमान त्याच्या जागेवरून उचलून भलत्या जमिनीवर आणलंय, एवढंच.

आता गिरकी. सेसनाची मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या मागे असतात, पुढे नाकाखाली एक चाक. टेलव्हील विमानात मुख्य चाकं गुरुत्वमध्याच्या पुढे आणि वजन मागे. पिंपळगावच्या बाजार समितीत टोमॅटोने भरलेली ट्रॉली मागे घेणारा ट्रॅक्टरवाला पाहिला असेल तर हे वेगळं समजावायला नको. पुढे ओढताना ट्रॉली आपोआप सरळ राहते. मागे रेटताना ती जराशी तिरपी झाली की रेटा तिला आणखी तिरपी करतो, आणि ड्रायव्हरने लगेच स्टिअरिंग नाही सावरलं तर ती घडी घालून उभी राहते. टेलव्हील विमान धावपट्टीवर सतत त्या मागे घेतलेल्या ट्रॉलीच्या अवस्थेत असतं.

यात आडवा वारा कसा शिरतो ते बघा. समजा वारा डावीकडून आहे. तुम्ही नाक थोडं डावीकडे ठेवून, म्हणजे क्रॅब करून आलात आणि ते सरळ न करताच टेकलात. विमान धावपट्टीच्या रेषेत चाललंय, पण चाकांचं तोंड डावीकडे. टायर आडवे घासतात आणि जमीन त्यांना डावीकडे ढकलते. सेसनात हा धक्का गुरुत्वमध्याच्या मागे बसतो, त्यामुळे नाक उजवीकडे येऊन विमान स्वतःच सरळ होतं. धक्का बसतो, प्रवासी जरा कुरकुरतात, संपलं. टायगर मॉथमध्ये तोच धक्का गुरुत्वमध्याच्या पुढे बसतो आणि नाक आणखी डावीकडे जातं. त्यात मागची उभी शेपटी वाऱ्याला सापडते, वारा ती उजवीकडे ढकलतो, म्हणजे नाक पुन्हा डावीकडेच. दोन्ही जोर एकाच बाजूचे. आणि विमान एकदा वळायला लागलं की त्याचं वजन वळणाच्या बाहेर, म्हणजे उजवीकडे झुकतं. डावीकडच्या वाऱ्याने तेवढ्यात डावा पंख उचलून धरलेला असतो. उजवा पंख जमिनीला टेकतो तो यामुळे. तुम्ही पाहिलेल्या चित्रणात वाऱ्याकडे पाठ केलेला पंखच घासला असणार, पुन्हा लावून बघा.

पण ते विमान तर सरळ टेकलं होतं, मग शेवटी का फिरलं? ही माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे आणि नाकाखाली चाक असलेल्या विमानावर शिकलेल्यांना ती सर्वांत उशिरा पटते. रडरची, म्हणजे पेडलने फिरणाऱ्या शेपटीच्या उभ्या पट्टीची, ताकद हवेच्या वेगाच्या वर्गाने बदलते. चाळीस नॉटला जेवढी आहे तिच्या चौथाई वीस नॉटला उरते. आडवा वारा शेपटीवर जो जोर लावतो तो मात्र वेगाबरोबर साधारण सरळ प्रमाणात उतरतो, वेग निम्मा तर तो जोर निम्मा. म्हणजे चाळीस नॉटला रडर वाऱ्याला जेमतेम पुरून उरत असेल, तर वीस नॉटला त्याला लागणाऱ्या ताकदीपैकी अर्धीच त्याच्याजवळ असते. उरलेलं काम कोणीतरी करायला हवं: शेपटीच्या चाकाने, ब्रेकने, नाहीतर गवताने. टायगर मॉथ डांबरावर असेल तर या तिघांपैकी एकही हजर नसतो. उतरतानाचा वारा आणि थांबतानाचा वारा सारखाच असतो, त्याला उत्तर देणारं रडर मात्र दरम्यान गरजेच्या निम्मंच उरलेलं असतं.

म्हणून टेकण्याच्या क्षणावर मी विद्यार्थ्यांना फार शाबासकी देत नसे. खरा धोका त्यानंतरच्या दहा-पंधरा सेकंदांत असतो. नेमक्या त्या वेळी माणूस सैलावतो, पाय पेडलवरून हलके होतात, कोणी फ्लॅपला हात घालतो, कोणी टॉवरशी बोलायला लागतो.

हजारो तासांचं कोडंही इथेच सुटतं. ते तास कशावरचे, हे विचारा. मोठ्या जेट विमानांना थोड्या क्रॅबसकट टेकायची मुभा असते, मुख्य चाकं मागे असल्याने ती स्वतः सरळ होतात, आणि पुढे नाकाचं चाक दिशा सांभाळतं. अशा विमानांवर दहा हजार तास केलेल्या माणसाचे हात उत्तम असतील, पण त्याचे पाय टायगर मॉथच्या दृष्टीने नवशिक्याचे असू शकतात. त्यात जुनी विमानं वर्षाकाठी फार थोडी उडवली जातात. मधे दोन महिने गेले की पायांची सवय गेली. मला विचाराल तर गेल्या महिन्याभरात त्याच विमानावर दहा लँडिंग केलेला शंभर तासांचा पोरगा आडव्या वाऱ्यात जास्त भरवशाचा.

आता आकड्यांकडे. धावपट्टी आणि वारा यांच्यातला कोन ३० अंश असेल तर वाऱ्याचा निम्मा भाग आडवा, ४५ ला सात दशांश, ६० ला जवळपास नऊ दशांश, त्यापुढे पूर्ण वारा आडवाच धरा. हे तुम्हाला पाठ असेल. पण १७२ च्या पुस्तकात १५ नॉटचा जो आकडा आहे तो चाचणीत करून दाखवलेला वारा आहे, आणि तो त्याच विमानाचा आहे. तो मनात घेऊन टायगर मॉथमध्ये बसू नका. छोट्या विमानांच्या अमेरिकी नियमांत एक साधा दंडक होता: स्टॉलच्या वेगाच्या, म्हणजे ज्याखाली पंख विमान पेलत नाहीत त्या वेगाच्या, किमान २० टक्के एवढ्या आडव्या वाऱ्यात विमान नीट हाताळता आलं पाहिजे. टायगर मॉथ त्या नियमाखाली घडलेलं नाही, पण त्याचा स्टॉल ४० नॉटच्या आतबाहेर आहे, म्हणून हिशेब करून बघा. आठ नॉट. दहा-बारा नॉटचा वारा "एवढासा" नाही, हे त्यावरून लक्षात येईल. शिवाय टॉवर सांगतो तो वारा सरासरीचा आणि साधारण दहा मीटर उंचीवर मोजलेला. झुळूक तुमच्या वीस नॉटच्या क्षणी आली की दहा मिनिटांपूर्वीच्या सरासरीला काही अर्थ नाही.

सगळी जुनी शिकाऊ विमानं एका साच्याची नाहीत, हेही ध्यानात ठेवा. कॅनडात बनलेल्या टायगर मॉथला, डीएच ८२ सी ला, ब्रेक आणि शेपटीला चाक दिलं होतं. ब्रेक दिले की विमान नाकावर उलटायची भीती वाढते, म्हणून मुख्य चाकं पुढे सरकवली. चाकं पुढे गेली की गुरुत्वमध्यापासूनचं अंतर वाढतं, म्हणजे गिरकीची ओढही वाढते. एका दुखण्यावरचं औषध दुसऱ्या दुखण्याला खतपाणी घालतं, ते असं. चिपमंकला ब्रेकची हातदांडी असते. ती काही खाचा ओढून ठेवली तरच रडरचं पेडल पूर्ण दाबल्यावर त्या बाजूचा ब्रेक लागतो. मुळीच ओढली नाही तर शेवटच्या क्षणी पाय मारून उपयोग नाही, जास्त ओढली तर टेकताक्षणी चाकं धरतात. किती खाचा, हे सर्किटमध्ये, म्हणजे उतरण्याआधीच्या फेरीतच, ठरवून मोकळं व्हायचं असतं. हार्वर्ड हे ६०० अश्वशक्तीचं धूड. बऱ्याच हार्वर्डमध्ये शेपटीचं चाक थोड्या कोनापर्यंत रडरबरोबर वळतं, पण स्टिक (हातातला दांडा) पूर्ण पुढे ढकलली की ते सुटून मोकळं फिरतं. टॅक्सी करताना, म्हणजे जमिनीवर सावकाश चालवताना, ही सोय, धावताना घाबरून स्टिक पुढे गेली तर तीच सोय घात करते. स्टियरमनमध्ये चाकांमधलं अंतर कमी आणि विमान उंच, मग पंख टेकायला वेळ लागत नाही.

आपली विमानंही याच घराण्यातली. कोल्हापूरकडचे डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी बंगळूरला एचएएल या सरकारी विमान कारखान्यात घडवलेलं एचटी-२ हे १९५१ साली उडालं, आणि हवाई दलाच्या कितीतरी पिढ्या त्यावर शिकल्या. पुष्पक १९५८ चं. दोन्हींना शेपटीचं चाक. पुष्पक हलकं, पंख डोक्यावर, कापडाने मढवलेलं. त्याला आडवा वारा झेपायचा तो शिकणाऱ्याच्या पायांत जोर असेल तेवढाच, पण त्याने माणूस घडवला. नाशिकजवळच्या ओझरच्या कारखान्यातून बाहेर पडलेलं मिग घ्या की सुखोई, नाकाखाली चाक आहेच. टेलव्हीलवर हात बसवायला नाशिकमध्ये जागा नाही, ओझरला हवाई दल आणि एचएएलचा कारभार, नाशिकच्याच गांधीनगरला आर्मी एव्हिएशनची हेलिकॉप्टरं. तुम्हाला बाहेर जावं लागेल. हवाई दलाने दुरुस्त करवून पुन्हा उडवलेलं टायगर मॉथ २०१२ च्या हवाई दल दिनी हिंडनला उडालं होतं, पण ते बघायचं विमान, शिकायचं नाही.

तरी नाशिकच्या हवेबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण जुनी विमानं कधी इथल्या पट्ट्यात आली तर लोक ती विसरतील. ओझरची उंची समुद्रसपाटीपासून १,९०० फुटांच्या आसपास. मे महिन्यात दुपारी पारा ३८ वर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने आपण पाच हजार फुटांवर असतो. एअरस्पीडचा काटा तोच आकडा दाखवतो, पण जमिनीवरचा वेग सात-आठ टक्क्यांनी जास्त असतो. गिरकी घेताना जी ऊर्जा चाकाचा पाय मोडते ती वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या घरात. तुम्हाला वाटतं विमान आज जरा जास्तच धावतंय. ते खरंच जास्त धावत असतं.

आणि वारा. पावसाळ्यात तो पश्चिमेकडचा, ओझरची धावपट्टी पूर्व-पश्चिम, त्यामुळे जोर असला तरी बराचसा नाकावर येतो. मला भीती एप्रिल-मेच्या दुपारची. तापलेल्या माळावरून वावटळी उठतात, विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, एका टोकाला पूर्वेकडे आणि दुसऱ्या टोकाला दक्षिणेकडे दाखवतो, आणि वळिवाचा ढग लांब दिसत असतानाच त्याच्या पुढचा थंड वारा येऊन धडकतो. तो कुठूनही येतो. जुन्या विमानाला या दिवसांत सकाळी आठच्या आत उडवून हँगरमध्ये घालावं, या मतावर मी ठाम आहे. लोक याला म्हातारपण म्हणतात, म्हणोत. हँगरचीच आणखी एक गंमत, म्हणजे गंमत नव्हे. वारा हँगरच्या ओळीवरून येत असेल तर तिच्या आडोशाला धावपट्टीवर शांत वाटतं, आणि दोन इमारतींमधल्या फटीसमोर आलं की वाऱ्याचा लोट कानशिलावर बसल्यासारखा येतो. विमान उतरवण्याआधी धावपट्टीच्या बाजूला काय उभं आहे हे बघून ठेवायचं.

आता तंत्र. क्रॅब करून या, हरकत नाही, पण टेकण्याआधी नाक धावपट्टीच्या रेषेत आलंच पाहिजे आणि वाहत जाणं थांबलंच पाहिजे. दोन्ही एकाच वेळी हवं असेल तर वाऱ्याकडचा पंख खाली आणि उलट बाजूचं रडर, हाच मार्ग. वाऱ्याकडचं चाक आधी टेकेल, टेकू द्या. शेवटच्या क्षणी पाय मारून नाक सरळ करणारे असतात, जमतंही त्यांना, पण एका सेकंदाने आधी झालं तर विमान वाहायला लागतं आणि उशिरा झालं तर आपण वर बघितलं तेच. जमिनीजवळ वारा मंदावतो, त्यामुळे वर पंख जेवढा खाली ठेवला होता तेवढा फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, लागत नाही, हे हातांना शिकवावं लागतं.

एलेरॉनबद्दल, म्हणजे पंखाच्या मागच्या काठाच्या हलत्या पट्ट्यांबद्दल, थोडं जास्त बोलतो, कारण याकडे कोणी लक्ष देत नाही. टेकल्यानंतर स्टिक वाऱ्याकडे हळूहळू पूर्ण न्यायची. पहिला उपयोग सगळे सांगतात, वाऱ्याकडचा पंख उचलला जात नाही. दुसरा असा: उलट बाजूचं एलेरॉन खाली जातं, तिथे हवेचा अडथळा वाढतो आणि तो नाकाला वाऱ्यापासून दूर ओढतो. हवेत ज्याचा वैताग येतो ती उलटी ओढ जमिनीवर आपल्या बाजूने लढते. आता टायगर मॉथ. त्याला एलेरॉन फक्त खालच्या पंखांना, आणि डी हॅव्हिलंडने हवेतला तो वैताग घालवण्यासाठी असं जोडकाम केलं की पूर्ण स्टिक दिल्यावर खाली जाणारं एलेरॉन परत जवळजवळ सपाट होतं. हवेत छान. पण जमिनीवर जी मदत मिळायची तीही त्याबरोबर गेली. तरी स्टिक वाऱ्याकडे न्यायचीच, पंख तरी दबलेला राहतो.

थ्री-पॉइंट करावं, म्हणजे पुढची दोन चाकं आणि शेपटी एकदम टेकवावी, की व्हील लँडिंग, म्हणजे आधी फक्त पुढची दोन, यावर दोन म्हाताऱ्या वैमानिकांना एका टेबलावर बसवलं तर चहा गार होतो. व्हील लँडिंगला टेकताना वेग जास्त, रडर जागं, बाहेरचं दिसतं. पण शेपटी कधीतरी खाली आणावीच लागते, आणि ती येते तेव्हा वेग कमी झालेला असतो आणि शेपटीचं चाक अजून जमिनीवर नसतं. तो मधला काळ सगळ्यात पोरका. थ्री-पॉइंटला टेकताक्षणी वेग कमी आणि शेपटीचं चाक किंवा स्किड कामाला लागलेला. स्किडवाल्या टायगर मॉथला गवतावर मी थ्री-पॉइंटच सांगेन. लॉक होणारं चाक आणि चांगले ब्रेक असलेल्या जड विमानाला व्हील लँडिंगचा विचार होऊ शकतो. थ्री-पॉइंट केलंत तर स्टिक पोटाशी आणून तिथेच ठेवायची, विमान थांबेपर्यंत.

रडर धावताना पुढेमागे चालतच राहायला हवं, लहान लहान. नाक किती वळलं हे दिसण्याची वाट बघितली तर उशीर झाला. टायगर मॉथमध्ये एकटा वैमानिक मागच्या सीटवर बसतो, समोर धावपट्टी दिसतच नाही, दिसतात त्या दोन कडा. त्या दोन कडांचं माप बदललं की पाय हलायला हवा.

धावपट्टीवर तिरपं उतरायचा सल्ला तुम्हाला नक्की कोणीतरी देईल. हिशेब करून बघा. ४५ मीटर रुंद धावपट्टी, विमानाला थांबायला २०० मीटर, म्हणजे तिरपेपणा मिळतो जेमतेम १२-१३ अंश. वारा नव्वद अंशांनी, १५ नॉट असेल तर आडवा भाग साडेचौदा राहतो. काही फरक नाही, वर बाजूच्या गवतात जायची सोय तेवढी होते. तोच वारा ४५ अंशांनी असेल तर साडेदहाचा आठ होतो, आणि तो फरक मोठा आहे. तेव्हा युक्ती खरी, पण ज्या वाऱ्यात तिची सगळ्यात जास्त गरज असते तिथे ती कामाची नाही. त्यापेक्षा धावपट्टीच्या बाजूला उतरण्याजोगं गवत आहे का, दुसऱ्या विमानतळाला योग्य दिशेची धावपट्टी आहे का, हे उडण्याआधी माहीत असलेलं बरं. टाकीत त्यासाठी इंधन असू द्या.

नाक वळायला लागलं आणि रडर पुरेना, तर थ्रॉटलचा एक छोटा जोर रडरवर हवा फेकतो आणि बऱ्याचदा विमान सावरतं. लवकर केलं तर त्यातूनच गो-अराउंडही, म्हणजे पुन्हा उडून दुसरी फेरीही, होतो. पण गिरकी बरीच पुढे गेली असेल तर तिथून विमान हवेत उचलायचा मोह टाळा. तिरप्या विमानाला, स्टॉलच्या काठावर, धावपट्टीबाहेर तोंड करून उचललं की पंख मोडण्याच्या जागी माणसं मरण्याची वेळ येते. थ्रॉटल बंद, स्टिक पोटाशी, मॅग्नेटो (इंजिनची ठिणगी) बंद, आणि मोडू द्यायचं. लाकूड-कापड पुन्हा बनवता येतं.

पुन्हा बनवता येतं म्हणजे रंग लावून उडवायचं नाही, हे बजावून सांगतो. पंखाचं टोक घासलं की तो आघात लाकडी स्पारमध्ये, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईत, आतपर्यंत जातो. कापडाखाली दाबाने पडलेली बारीक चीर वरून दिसत नाही, गोंदाचे सांधे सुटलेले असू शकतात. प्रोपेलर चालू इंजिनावर आपटला असेल तर क्रँकशाफ्ट तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नये. आणि उलट बाजूनेही बघा. काही गिरक्या विमानाच्या देखभालीतच सुरू झालेल्या असतात: दोन टायरांमधली हवा कमी-जास्त, एका बाजूचा ब्रेक जरासा धरलेला, शेपटीच्या चाकाच्या स्प्रिंग ढिल्या, लॉकची खाच झिजलेली, मुख्य चाकं एकमेकांना समांतर नसणं. वैमानिकावर ठपका ठेवण्याआधी हे सगळं एकदा हाताने हलवून बघावं.

तुम्ही शिकायला जाल तेव्हा प्रशिक्षकाला विचारा की पहिले काही तास तो काय करणार. नुसतं टॅक्सी, तेही वाऱ्यात, असं उत्तर आलं तर माणूस बरा. टायगर मॉथला वाऱ्यात टॅक्सी करताना पंखाच्या टोकाला माणूस धरून चालतो, ती शोभा नसते. त्या संस्थेने आडव्या वाऱ्याची मर्यादा लिहून ठेवली आहे का, आणि शिकणाऱ्याची वेगळी आहे का, तेही विचारा. "बघू त्या दिवशी" असं म्हणणाऱ्याकडे शिकू नका. तिथे गवताची पट्टी असेल तर सोन्याहून पिवळं.

तोवर तुमच्या १७२ वर दोन गोष्टी आजपासून करता येतील. नाक रेषेत आणल्याशिवाय टेकायचं नाही, विमान माफ करत असलं तरी. आणि टेकल्यानंतर एलेरॉन वाऱ्याकडे वाढवत नेऊन टॅक्सीवेवर वळेपर्यंत सोडायचं नाही, पाय पेडलवर जिवंत ठेवायचे. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाला सांगून ठेवा की वेग वीस नॉटखाली आला की त्याने तुमच्या पायांकडे बघावं, धावपट्टीकडे नको.